कोकणातल्या घरासाठी ओपन-बॅक हेडफोन: खोली निवडण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. नवाकोरा हेडफोन चढवून, दार लोटून मी ऐकत बसलो होतो. पाचच मिनिटांत पडवीतून आईचा आवाज आला, "रे, ता काय लावलंस कानाक? माका हयसर सगळा आयकाक येता!" गंमत म्हणजे हेडफोन न काढताच मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. ओपन-बॅक हेडफोन आतला आवाज बाहेर सोडतो आणि बाहेरचा आत घेतो, हे मला पैसे भरल्यावर कळलं. दुकानदाराने सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर देवगड तालुक्यातल्या या घराने चार पावसाळे पाहिले. एक हेडफोन विकला, एकाचे पॅड बुरशीने खाल्ले, एक अजून सुखाने वाजतोय. पहिल्यांदाच घेणाऱ्या कोकणातल्या माणसाने कुठल्या क्रमाने जावं ते खाली लिहिलंय. क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक जण पायरी पाचपासून सुरुवात करतात आणि मग पहिलीवर येऊन रडतात.

हाताशी ठेवायच्या गोष्टी

- फोन किंवा लॅपटॉप, आणि फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइप डोंगल (चार्जिंगच्या भोकात बसून हेडफोनची पिन घेणारा छोटा जोड)
- ६.३५ मिमी ते ३.५ मिमी अडॅप्टर (बऱ्याच हेडफोनसोबत येतो, पण बघून घ्या)
- तुमच्या ओळखीची पाच-सहा रेकॉर्डिंग, फोनमध्ये उतरवून ठेवलेली
- घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल
- खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो, मूळ खोका

१. आधी खोली ऐका

ज्या वेळी तुम्ही गाणं ऐकणार, त्याच वेळी त्या खोलीत दहा मिनिटं काहीही न लावता बसा. पंखा नेहमीच्या वेगावर ठेवा. काय काय ऐकू येतं ते कागदावर लिहा. माझ्या यादीत होतं: पंख्याची घरघर, शेजारच्या विहिरीचा पंप, कौलांवर उड्या मारणारी माकडं, आणि वारा पश्चिमेचा असेल तर समुद्राची गाज. यातलं सगळं ओपन-बॅक हेडफोनमधून तसंच्या तसं येतं. कापसाचे बोळे घातल्यासारखं दबूनही येत नाही.

गाज मला त्रास देत नाही, कारण ती एकसारखी असते आणि कान तिला सोडून देतो. पंप देतो. पंख्याचं तर वेगळंच. वारा थेट जाळीवर आला की जाळीतच फुरफुर होते, म्हणून खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका. टेबलफॅन असेल तर तो पायांकडे वळवा.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली ओपन-बॅक ऐकणं विसरा. कौलारू घरात थोडं बरं, वर माळा असेल तर आणखी बरं, स्लॅबच्या घरात चालून जातं. मी पावसाळ्यात रात्री पाऊस थांबला की तेवढ्या फटीत ऐकतो. तुमच्याकडे ऐकायला फक्त पावसाळ्यातल्या दुपारीच वेळ असेल, तर सरळ बंद कपांचा, म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन घ्या. या लेखाचा पुढचा भाग वाचायची गरज नाही.

सापळा इथेच आहे. बाहेरचा आवाज आत येतो म्हणून माणूस नकळत हेडफोनचा आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला जेमतेम ४ तास. गोंगाटावर मात करायला आवाज चढवायची पाळी येत असेल, तर ती खोली किंवा ती वेळ ओपन-बॅकची नव्हे.

२. "ओपन" म्हणजे काय, आणि त्याने आवाजाचं काय होतं

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा हलतो (तो हलवणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात). तो जितका आवाज कानाकडे फेकतो, तितकाच पाठीमागेही फेकतो. बंद कपात हा मागचा आवाज आतल्या भिंतींवर आपटतो आणि त्यातला काही परत कानाकडे येतो. ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते, त्यामुळे तो बाहेर निघून जातो. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन बाजारात आणला, पिवळ्याधमक फोमच्या पॅडचा. त्याआधीचे हेडफोन म्हणजे कानांवर बसवलेली जड, बंद झाकणं.

फरक कसा जाणवतो ते शब्दांत सांगणं अवघड, पण कोकणातल्या माणसाला एक खूण पटेल. तेच भजन एकदा माजघरात दारं लावून ऐका आणि एकदा खळ्यात मांडवाखाली बसून. खळ्यात टाळ, पेटी, पखवाज एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, प्रत्येकाला आपली जागा मिळते. ओपन-बॅकमध्ये साधारण तसं होतं. तानपुऱ्याची आस संपता संपता हवेत विरते ती ऐकू येते. आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा वाटत नाही. मात्र समोर दहा फुटांवर स्टेज दिसतं वगैरे जे लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, ते कानांपासून वीतभर बाहेर सरकतं इतकंच.

किंमत मोजावी लागते ती खालच्या स्वरांत. मागची आणि पुढची लाट खालच्या पट्टीत एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून नेहमीच्या डायनॅमिक ड्रायव्हरच्या (पडद्याला तारेचं वेटोळं असलेल्या) ओपन-बॅकमध्ये सगळ्यात खोल बास कमी पडतो. पखवाजाच्या धुम्याची थाप येते, सूर कळतो, पण छातीत घुमत नाही. प्लॅनर मॅग्नेटिक प्रकारात, ज्यात पातळ फिल्मवर वाहक रेषा छापलेल्या असतात आणि ती चुंबकांमध्ये हलते, बास सहसा जास्त खोल जातो, पण वजनही वाढतं. इलेक्ट्रोस्टॅटिक नावाचा तिसरा, महागडा प्रकार आहे. त्याला दमटपणा आणि धूळ सोसत नाही, तेव्हा किनाऱ्यावर त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

डीजे ऐकायची सवय असलेल्या माझ्या मावसभावाला ओपन-बॅक मिळमिळीत वाटला. त्याचं चुकलं नाही, त्याला हवं ते यात नाहीच.

३. डोकं, कान आणि चष्मा

आवाजाच्या परीक्षणांवर लोक महिनोन्महिने डोकं घालवतात आणि हेडफोन शेवटी पडून राहतो तो टोचतो म्हणून. आरामाच्या चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, वजन. सेनहायझर एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा आहे, एचडी ५६०एस २४० ग्रॅमचा. हायफायमॅनचा एचई४००एसई हा प्लॅनर ३९० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि वरच्या दर्जाचे काही प्लॅनर ६०० ग्रॅम ओलांडतात. हातात घेतल्यावर फरक किरकोळ वाटतो. तासाभराने मान सांगते.

दुसरी, पकड. याला क्लॅम्प म्हणतात. नवा हेडफोन कानशिलं दाबतो, विशेषतः मोठ्या डोक्याला. काही आठवड्यांत तो आपोआप सैलावतो. घाई असेल तर रात्रभर त्याच्या मूळ खोक्यावर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा, पण गठ्ठा तुमच्या डोक्यापेक्षा बोटभरच रुंद असू द्या. हातांनी ताणू नका. प्लॅस्टिकचा पट्टा तडकतो, आणि तो आवाज ऐकायला फार वाईट असतो. मी ऐकलाय.

तिसरी, पॅडची खोली. कानाची पाळी आतल्या ड्रायव्हरला टेकत असेल तर अर्ध्या तासात ती लाल होऊन दुखायला लागते. दुकानात दोन मिनिटं घालून हे कळत नाही. निदान पाऊण तास घालून बसा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

चौथी, घाम. कोकणात हाच मुद्दा ओपन-बॅकच्या बाजूचा सगळ्यात मोठा आहे आणि परदेशी परीक्षणांत तो कधीच सापडणार नाही. मे महिन्यात बंद कपाचा रेक्झिनचा हेडफोन वीस मिनिटांत कानाभोवती तळं करतो. ओपन-बॅकमध्ये जाळीतून हवा खेळते. त्यात पॅड मखमली कापडाचे, म्हणजे वेलूरचे असतील तर कातडीला चिकटत नाहीत. वेलूर घाम पितं हे खरं, त्याचं पुढे सांगतो. नकली चामड्याचे पॅड आपल्या दमट हवेत काही वर्षांत खपल्या टाकायला लागतात, काळ्या खपल्या गालाला आणि उशीला.

चष्मेवाल्यांनी चष्मा लावूनच पाहावं. काडी जाड असेल तर पॅड तिला कानामागच्या हाडावर दाबतं. मी ऐकायला बसताना जुना, बारीक तारेच्या काडीचा चष्मा लावतो. आईच्या मते मी त्यात तलाठ्यासारखा दिसतो.

४. फोनला झेपेल का?

इथे नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून थोडं सावकाश.

हेडफोनच्या खोक्यावर ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, लिहिलेले असतात. ओहम जास्त असतील तर तेवढ्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागण्याची शक्यता असते. फोनचा साधा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो असं धरलं, तर ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलिवॅट मिळतात आणि ३०० ओहमच्या हेडफोनला फक्त ३.३. फिलिप्सचा एसएचपी ९५०० हा ३२ ओहमचा आहे, एचडी ५६०एस १२० चा, एचडी ६०० हा ३०० चा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो ८० आणि २५० अशा वेगवेगळ्या ओहमांत मिळतो. ऑनलाइन मागवताना नेमका कुठला टोपलीत टाकलाय ते दोनदा वाचा.

पण एकट्या ओहमवरून ठरवलंत तर फसाल. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक विजेत हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, डेसिबलमध्ये. तो कधी एका मिलिवॅटला दिलेला असतो, कधी एका व्होल्टला, आणि दोन्ही सरसकट तुलनेत घेतले की सगळा घोळ होतो. मिलिवॅटवाल्या आकड्यात ३२ ओहमला १५ मिळवा, ३०० ओहमला ५ मिळवा, की व्होल्टवाला आकडा येतो. मग शेजारी शेजारी ठेवून बघा. काही प्लॅनर कमी ओहमचे असूनही भुकेले असतात, कारण त्यांची संवेदनशीलताच कमी असते.

माझा पहिला हेडफोन २५० ओहमचा होता. फोनवर आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेऊनही जुन्या रेकॉर्डिंगमधला तबला लांबच्या वाडीत वाजतोय असं वाटायचं. घाबरून मी हेडफोनच्याच किमतीचा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, मागवायला निघालो होतो. एका मित्राने थांबवलं आणि त्याचा चांगला डोंगल दिला. काम झालं.

तर क्रम असा: आधी आहे त्यावर ऐका. आवाज पुरेसा चढत असेल तर थांबा, ॲम्पने जादू होत नाही. चढत नसेल तर चांगला डोंगल. तोही कमी पडला तरच टेबलावरचा डॅक-ॲम्प (डिजिटल फाइलचा आवाज करून तो वाढवणारा). ॲपलचा छोटा डोंगल लोक उठसूट सुचवतात. आयफोनवर तो चांगला चालतो, पण अँड्रॉइडवर बऱ्याचदा पूर्ण आवाजाला पोचत नाही.

वायरलेसची आशा ठेवू नका. या जातीचे बहुतेक हेडफोन वायरचेच. वायर सुटी करता येणारी असेल तर उत्तम, कारण खुर्चीच्या चाकाखाली आधी तीच येते.

५. ऐकून घ्या, पण काय ऐकायचं ते घरून ठरवून जा

असे हेडफोन हाताळायला मिळतील अशी दुकानं मला तरी जिल्ह्यात सापडली नाहीत. मुंबई-पुण्याला कामानिमित्त जाणार असाल तर अर्धा दिवस यासाठी काढा. तुतारी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून, न झोपता, सकाळी थेट दुकानात जाऊ नका. मी गेलो होतो. थकलेल्या कानाला सगळंच कर्कश लागतं. आंघोळ करा, झोप काढा, दुपारी जा.

सोबत तुमचीच रेकॉर्डिंग न्या. दुकानातली गाणी दुकानाला सोयीची असतात. माझी यादी:

- बाईचा एकटा आवाज, मागे फक्त तानपुरा. "स", "श" टोचतात का ते बघायला.
- डबलबारीचं भजन. झांज आणि चकी एकदम सुरू झाल्यावर कान आक्रसतो का? आक्रसला तर त्या हेडफोनचा वरचा पट्टा तुमच्यासाठी जास्त आहे. घरी रोज तासभर तेच सोसायचंय.
- पखवाज किंवा तबला एकट्याने. धुमा आणि शाई वेगवेगळ्या कळायला हव्यात.
- बैठकीचं थेट ध्वनिमुद्रण. दाद, खोकला, खुर्ची सरकणं कुठून येतंय ते बोटाने दाखवता येतं का?

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमी चांगलाच वाटतो, जाणकारालाही. आणि "एल-आर" बघून घाला. उलटा घालून मी एकदा पंधरा मिनिटं मत बनवत होतो.

टोचणारा ट्रेबल (वरचे स्वर) किंवा कमी बास थोडाफार इक्वलायझरने, म्हणजे स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या ॲपने, सावरता येतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ, दोन्ही फुकट मिळतात. टोचणारं पॅड मात्र कुठल्याच ॲपने मऊ होत नाही, म्हणून दोन हेडफोनांत मन अडकलं तर आरामाचा घ्या.

६. मागवताना

- आधी पिनकोड टाकून बघा. आमच्याकडे बरेच कुरियर तालुक्याच्या गावीच थांबतात आणि फोन करून "येऊन घेऊन जा" म्हणतात. परत पाठवायची वेळ आली तर तोच प्रवास उलटा.
- परत करायची मुदत कधीपासून मोजतात ते वाचा. घाटात दरड आली, पार्सल चार दिवस पडून राहिलं, हे कंपनीच्या हिशोबात नसतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर मागवूच नका.
- खोका उघडताना सलग व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून.
- वॉरंटी भारतातली आहे का, आणि दुरुस्तीला पाठवायचा खर्च कोणाचा, हे लेखी विचारा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त दिसला तर बनावट असण्याची शक्यता धरा.
- जुना घेत असाल तर दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या) रेकॉर्डिंगवर बघा. आवाज बरोबर मधोमध यायला हवा. वायर जॅकपाशी हलवून खरखर तपासा. पॅडचा वास घ्या. हसू नका, बुरशी डोळ्यांआधी नाकाला कळते.

७. घूंऽऽ असा आवाज आला तर

हेडफोन परत करायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घुमणं थांबलं तर दोष घराच्या विजेत आहे. जुन्या घरांत दोन पिनांचे बोर्ड असतात, अर्थिंग एक तर नसतं किंवा नावापुरतं असतं. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, त्यातलाच प्रकार. तिसरी पिन कापून अडॅप्टर बसवायचा उद्योग करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. याचा फायदा हेडफोनपेक्षा फ्रिजला हात लावणाऱ्या माणसाला जास्त.

लाईट गेल्यावर साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर टेबलावरचा ॲम्प चालवलात तर बहुधा गुणगुण ऐकू येईल. त्या वेळी फोन आणि डोंगलवर ऐका. पंखेही बंद असतात, शेजारचा पंपही. खरं तर वीज गेलेली रात्र ही माझी सगळ्यात आवडती वेळ आहे.

८. पावसाळ्यात जपणं

टांगणीवर लटकवलेला हेडफोन फोटोत छान दिसतो. आपल्याकडे तो जुलैत पांढरा होतो.

ऐकून झाल्यावर पॅड कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि अर्धा तास हवेशीर जागी ठेवा. घामट पॅड लगेच डब्यात कोंडलं की बुरशीला घरच करून दिलं. माझे पॅड असेच गेले. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. बुटांच्या खोक्यातली इवलीशी पुडी पुरत नाही, रंग बदलणारे दाणे शंभरेक ग्रॅम घ्या. नारिंगी दाणे ओले झाले की हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यांतला कोबाल्टचा रंग विषारी, म्हणून घरात नारिंगीच बरे. तापवून वाळवले की पुन्हा वापरता येतात, पण भाकरीच्या तव्यावर नको, त्यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा.

तांदळात ठेवू नका, पीठ जाळीतून आत जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत, तो वास पॅड कधीच सोडत नाही.

एका बाजूने अचानक चरचर यायला लागली तर ड्रायव्हर गेला असं समजू नका. बऱ्याचदा एखादा केस आत शिरून पडद्याला टेकलेला असतो. पॅड काढा, दिव्याखाली बघा, चिमट्याने अलगद उचला. तोंडाने जोरात फुंकू नका, ब्लोअर तर मुळीच नको. खाऱ्या हवेने जॅकवर काळपट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसला की खरखर जाते.

वेलूर पॅड हेडफोनवरून काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात, आधी त्या मॉडेलची पॅड धुता येण्यासारखी आहेत का ते बघून. पावसाळ्यात धुवू नका, चार दिवस वाळत नाहीत. नवे पॅड मेमध्येच मागवून ठेवा, आणि मूळ कंपनीचेच, कारण पॅडची जाडी किंवा कापड बदललं की आवाजही बदलतो. नवे चढवल्यावर जुने लगेच टाकू नका. दोन दिवस आलटून पालटून लावा. दबलेल्या जुन्या पॅडमुळे कान ड्रायव्हरच्या किती जवळ गेला होता ते तेव्हा कळतं.